हा दगड इथे आणला कोणी?

दक्षिण अटलांटिक महासागरातील फॉकलंड बेटांवर दगडांच्या नद्या आहेत. नकाशावर आणि आकाशातून पाहताना त्या खरोखरच नद्यांसारख्या दिसतात. टेकड्यांच्या उतारांवरून लहान लहान पट्टे निघतात, दरीत एकमेकांना मिळतात आणि रुंद होत तळाशी पसरतात. मात्र या पात्रांत पाणी नसते, करड्या क्वार्ट्झाइट खडकाचे धारदार कडांचे धोंडे असतात. काही पट्टे काही किलोमीटर लांब आणि शेकडो मीटर रुंद आहेत. त्यांच्यावर माती नाही, गवत नाही. कान देऊन ऐकले तर धोंड्यांच्या खाली खोलवर कुठेतरी पाणी झुळझुळताना ऐकू येते.

‘बीगल’ जहाजावरील तरुण चार्ल्स डार्विन १८३३ आणि १८३४ मध्ये या बेटांवर उतरला, तेव्हा हे दृश्य पाहून चक्रावला. दरीच्या तळाचा उतार इतका अल्प होता की तेथे दगड गडगडत येणे शक्यच नव्हते. धोंडे झिजून गोल झालेले नसल्यामुळे ते नदीने आणले असेही म्हणता येईना. अखेर त्याने प्रचंड भूकंपाच्या हादऱ्यांची कल्पना करून पाहिली, पण तीही त्याला पुरती पटलेली दिसत नाही. या कोड्याचे पटण्याजोगे उत्तर मिळायला आणखी सुमारे सात दशके जावी लागली. ते ज्याने दिले त्या स्वीडिश भूशास्त्रज्ञाचे नाव योहान गुन्नार अँडरसन.

अँडरसन यांचे नाव आज घेतले जाते ते बहुधा चीनच्या संदर्भात. पेकिंग मानवाचे अवशेष जेथे सापडले ती जागा शोधणारे आणि चीनमधील अश्मयुगीन संस्कृती उजेडात आणणारे संशोधक म्हणून इतिहासाने त्यांची नोंद घेतली आहे. त्याआधीचे अँडरसन, म्हणजे थंड प्रदेशातील चिखलात उभे राहून दगड कसे सरकतात हे पाहणारे अँडरसन, भूशास्त्राच्या वर्तुळाबाहेर फारसे कुणाला ठाऊक नाहीत. वास्तविक या दोन आयुष्यांमागे एकच प्रश्न होता. समोरचा दगड येथलाच आहे की कोणीतरी आणला आहे, आणि आणला असेल तर कोणी?

त्यांचा जन्म ३ जुलै १८७४ रोजी मध्य स्वीडनमधील क्निस्ता या गावी झाला. उप्साला विद्यापीठात भूशास्त्राचे शिक्षण घेत असतानाच त्यांना उत्तर ध्रुवाकडील प्रदेशाची ओढ लागली. त्या काळी स्वीडनमध्ये भूशास्त्रज्ञ व्हायचे तर बर्फात उतरावेच लागे. १८९८ मध्ये आल्फ्रेड नाथोर्स्ट यांच्या मोहिमेबरोबर ते ‘अंटार्क्टिक’ नावाच्या जहाजाने स्पिट्सबर्गनकडे गेले. पुढच्याच वर्षी नॉर्वे आणि स्पिट्सबर्गन यांच्यामध्ये, ७४ अंश उत्तर अक्षांशापलीकडे असलेल्या बेअर आयलंड या निर्जन बेटावर त्यांनी स्वतःची मोहीम नेली. वय होते पंचवीस.

बेअर आयलंडवर त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. उन्हाळ्यात बर्फ वितळू लागले की उतारांवरची दगडमिश्रित माती पाण्याने गच्च भिजत असे आणि अख्खा थरच्या थर संथपणे खाली सरकत असे. आपल्याला पावसाळ्यातील दरडी ठाऊक आहेत. दरड क्षणात कोसळते आणि तिचा आवाज गावभर जातो. येथे तसे काहीच नव्हते. माती वर्षाकाठी काही मिलिमीटर, फार तर काही सेंटिमीटर सरकत होती. एखाद्या उतारावर बसून तासन्‌तास पाहिले तरी हालचाल जाणवणार नाही, पण उताराच्या पायथ्याशी जिभेसारख्या पुढे आलेल्या मातीच्या वळ्या पाहिल्या की ही जमीन वाहत आली आहे हे कळते. बहुतेकांनी अशा वळ्या पाहून सोडून दिल्या असत्या. अँडरसन यांनी त्या नीट पाहून ठेवल्या.

पुढे १९०१ मध्ये ओटो नॉर्डेनशॉल्ड यांच्या नेतृत्वाखाली स्वीडनची दक्षिण ध्रुव मोहीम निघाली. जहाज तेच, ‘अंटार्क्टिक’. कप्तान होते कार्ल अँटोन लार्सन. नॉर्डेनशॉल्ड आणि त्यांचे पाच सहकारी फेब्रुवारी १९०२ मध्ये स्नो हिल बेटावर उतरले आणि जहाज हिवाळ्यासाठी उत्तरेकडे परतले. मोहिमेतील दुय्यम प्रमुख अँडरसन याच सुमारास तिच्यात सामील झाले. त्यामुळे त्यांना फॉकलंड बेटे निवांतपणे पाहायला मिळाली, हे भूशास्त्राचे भाग्यच म्हणावे लागेल. डार्विनच्या दगडी नद्यांवर उभे राहिलेल्या या माणसाच्या डोळ्यांसमोर बेअर आयलंडचा वाहता चिखल ताजा होता.

तेथे त्यांना जे दिसले ते असे. डोंगरमाथ्यावर उघडा पडलेला क्वार्ट्झाइट आणि खालच्या नदीतील धोंडे एकाच खडकाचे होते. धोंड्यांवर दगडफुलाची जुनी पुटे चढलेली होती. याचा अर्थ ते आता हलत नव्हते. बेटांचे आजचे हवामान दमट, वाऱ्याचे, पण कडाक्याच्या थंडीचे नाही. तेव्हा जे काही घडले ते पूर्वीच्या, अधिक थंड काळात घडले असले पाहिजे. हिमयुगात पाण्याने खडकाच्या भेगांत शिरून, गोठून तो फोडला असेल. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि त्या दाबापुढे खडकाचे काही चालत नाही. फुटलेले धोंडे चिकणमातीत रुतून मातीबरोबर खाली वाहत आले असतील. हवामान उबदार झाल्यावर प्रवाह थांबला, पाण्याने बारीक माती धुऊन नेली आणि धोंडे तेवढे उघडे राहिले. बेअर आयलंडवर जी क्रिया चालू होती, तिचाच विझलेला अवशेष फॉकलंडवर पडून होता.

हा विचार कागदावर उतरण्यापूर्वीच अँडरसन मरणाच्या दारात जाऊन आले. तो प्रसंग थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १९०२ च्या अखेरीस जहाज स्नो हिलवरील सहकाऱ्यांना आणायला निघाले, पण समुद्रातील बर्फाने वाट अडवली. तेव्हा २९ डिसेंबर रोजी अँडरसन, लेफ्टनंट सॅम्युएल डूसे आणि खलाशी टोरालाफ ग्रुंडेन हे तिघे होप बे येथे उतरले. बर्फावरून चालत स्नो हिल गाठायचे असा त्यांचा बेत होता. पुढे मोकळे पाणी लागल्यामुळे त्यांना मागे फिरावे लागले. ते जहाजाची वाट पाहू लागले. जहाज कधीच आले नाही. १२ फेब्रुवारी १९०३ रोजी बर्फाच्या दाबाने फुटून ते बुडाले होते. लार्सन आणि खलाशी पॉलेट बेटावर पोहोचले होते, आणि यातले काहीही होप बेच्या तिघांना कळण्याची सोय नव्हती.

त्यांनी दगड रचून एक झोपडी उभारली, वर घसरगाडी आणि ताडपत्रीचे छप्पर घातले, आत तंबू लावला आणि दक्षिण ध्रुवाकडचा अख्खा हिवाळा त्यात काढला. खायला पेंग्विन आणि सील, जाळायला सीलची चरबी. तिच्या काजळीने तिघेही काळेठिक्कर पडले. अशा अवस्थेतही अँडरसन यांचे काम थांबले नाही. जवळच्या डोंगराच्या थरांत त्यांना वनस्पतींचे जीवाश्म सापडले होते. ज्युरासिक काळातील या वनस्पतींनी पुढे अंटार्क्टिकाच्या प्राचीन हवामानावर मोलाचा प्रकाश टाकला, आणि तो डोंगर आज माउंट फ्लोरा या नावाने ओळखला जातो. २९ सप्टेंबरला ते पुन्हा निघाले. १२ ऑक्टोबर १९०३ रोजी बर्फावरून येणाऱ्या दोन माणसांशी त्यांची गाठ पडली. ते होते खुद्द नॉर्डेनशॉल्ड आणि त्यांचा सहकारी योनासेन. समोरची काळी, केसाळ, चमत्कारिक माणसे आपलीच आहेत हे त्यांना प्रथम ओळखूही येईना! नोव्हेंबरमध्ये अर्जेंटिनाच्या ‘उरुग्वाय’ या युद्धनौकेने सर्वांची सुटका केली. पॉलेट बेटावर एका खलाशाचा मृत्यू झाला होता, बाकी सारे बचावले. परतीच्या वाटेवर होप बेला थांबून अँडरसन यांचे जीवाश्मही उचलण्यात आले.

१९०६ मध्ये ‘जर्नल ऑफ जिऑलॉजी’ या नियतकालिकात अँडरसन यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि भूशास्त्राला एक नवा शब्द मिळाला, सॉलिफ्लक्शन. लॅटिन भाषेतील माती आणि वाहणे या अर्थांच्या दोन शब्दांची ही जोड होती. पाण्याने संपृक्त झालेला दगडमातीचा थर उंचावरून सखल भागाकडे सावकाश वाहत जाणे, ही त्यांची व्याख्या. पृथ्वीचे डोंगर नद्या झिजवतात, हिमनद्या झिजवतात, वारा झिजवतो, हे ठाऊक होते. उतारावरची मातीच स्वतः वाहून डोंगर उतरवत असते, आणि थंड प्रदेशात तर हीच क्रिया प्रमुख ठरते, हे त्यांनी ठामपणे मांडले.

या क्रियेत नेमके काय घडते हे समजून घेण्यासारखे आहे. थंडीत जमिनीतील पाणी गोठते तेव्हा ते जागच्या जागी गोठून थांबत नाही. गोठणाऱ्या पट्ट्याकडे खालचे पाणी ओढले जाते आणि बर्फाच्या पातळ चकत्या तयार होतात. त्यामुळे जमीन फुगते, तीही उताराच्या काटकोनात. वितळताना मात्र ती गुरुत्वाकर्षणामुळे सरळ खाली बसू पाहते. प्रत्येक फुगण्या-बसण्यात मातीचा कण उतारावर थोडा खाली सरकतो. त्यातच खोलवरची जमीन अजून गोठलेली असेल तर वितळलेले पाणी मुरायला जागा राहत नाही. वरचा थर पातळ पिठल्यासारखा होतो आणि दोन-तीन अंशांच्या उतारावरूनही सरकू लागतो.

या मातीत अडकलेल्या दगडांचे काय होते? ते वळतात. लांबट दगड हळूहळू आपली लांबी उताराच्या दिशेला धरून निजतात, प्रवाहात सोडलेली काडी जशी धारेला लागते तशी. चपटे दगड जवळजवळ उताराला समांतर होतात, आणि अनेक ठिकाणी कौलांसारखे एकावर एक टेकून किंचित मागे कललेले दिसतात. वळीच्या तोंडाशी प्रवाह अडला की तेच दगड आडवे फिरतात. उतार नसलेल्या जागी गोठण्या-वितळण्याच्या खेळात चपटे दगड कडेवर उभे राहतात. म्हणजे माती थांबून हजारो वर्षे लोटली, तिच्यावर जंगले उगवली, शेते झाली, तरी आतल्या दगडांच्या ठेवणीत तो जुना प्रवाह शिल्लक राहतो. दरडीतून पडलेल्या दगडांना अशी शिस्त नसते. नदीतले चपटे दगड प्रवाहाच्या उगमाकडे कललेले असतात आणि लांबट गोटे पुष्कळदा प्रवाहाला आडवे पडतात. घोटाळा होतो तो हिमनदीशी, कारण तीही दगडांना आपल्या गतीच्या दिशेने लावते. तेव्हा उताराची दिशा आणि हिमनदीची दिशा वेगळी असेल तरच दगड साक्ष देतात.

दगडांच्या ठेवणीचे हे मोजमाप अँडरसन यांनी केले नाही, हे स्पष्ट करायला हवे. ते पुढच्या पिढ्यांचे काम. १९४९ मध्ये स्वीडनच्याच गोस्टा लुंडक्विस्ट यांनी वाहत्या मातीतील दगडांच्या दिशा मोजून निबंध लिहिला, तेव्हा अँडरसन हयात होते. आजही पद्धत तीच. संशोधक उघड्या पडलेल्या थरापुढे बसतो, चाळीस-पन्नास लांबट दगड निवडतो, होकायंत्राने प्रत्येकाची दिशा आणि उतारमापकाने कल टिपतो, मग ते सारे बिंदू आकृतीवर मांडतो. काम कंटाळवाणे आहे, पण त्यातूनच हिमयुगाच्या काळात कुठे जमीन गोठत होती याचे नकाशे भरत गेले. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील, हिमनदी कधी न पोहोचलेल्या टेकड्यांच्या पायथ्याशी साचलेली खडकाळ माती अशाच प्रवाहाची आहे. १९०९ मध्ये पोलंडचे वालेरी लोझिन्स्की यांनी हिमनदीच्या आसपासच्या अशा गारठलेल्या मुलखासाठी पेरिग्लेशियल ही संज्ञा वापरली आणि पुढल्याच वर्षी स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषदेत ती जगापुढे आली. त्या परिषदेचे सरचिटणीस अँडरसन होते. १९०६ पासून ते स्वीडनच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेचे प्रमुखही होते.

१९१४ मध्ये त्यांनी हे सारे सोडले. चीनमध्ये राजेशाही संपून दोन वर्षे झाली होती. युआन शिकाई यांच्या सरकारला लोखंड आणि कोळसा शोधणारा सल्लागार हवा होता. अँडरसन बीजिंगला आले, त्यांनी लोहखनिज शोधले, तरुण चिनी भूशास्त्रज्ञांबरोबर काम केले. पण १९१६ मध्ये युआन यांचा मृत्यू झाला, राजकारण विस्कटले आणि खाणींचे काम रेंगाळले. मग अँडरसन जीवाश्मांकडे वळले. चिनी औषधांच्या दुकानांत ‘ड्रॅगनची हाडे’ म्हणून जे विकले जाई ते प्राचीन प्राण्यांचे जीवाश्म होते. ती हाडे कुठून येतात याचा माग काढत ते १९१८ मध्ये बीजिंगच्या नैर्ऋत्येस सुमारे ५० किलोमीटरवरील झौकौदियन येथे पोहोचले.

१९२१ मध्ये ते तेथे पुन्हा गेले. बरोबर ऑस्ट्रियाचे तरुण जीवाश्मशास्त्रज्ञ ओटो झ्डान्स्की होते. गावातल्या माणसाने त्यांना जवळच्या अधिक चांगल्या जागी नेले. तो डोंगर चुनखडीचा. आणि हाडांच्या थरात अँडरसन यांना गारगोटीचे धारदार तुकडे दिसले. येथे जुना भूशास्त्रज्ञ जागा झाला. चुनखडीच्या गुहेत गारगोटीचे काय काम? हा दगड येथला नव्हता, आणि ज्यांनी तो आणला ती माणसे असावीत, असा त्यांचा तर्क होता. झ्डान्स्की यांना तो पटला नाही. ते तुकडे नैसर्गिक आहेत असे त्यांचे मत होते. गंमत अशी की मानवाचा दात सापडला तो झ्डान्स्की यांनाच, आणि त्यांनी तो बराच काळ जाहीर केला नाही. १९२६ मध्ये स्वीडनचे युवराज बीजिंगला आले त्या वेळी दातांची बातमी फुटली. १९२७ मध्ये डेव्हिडसन ब्लॅक यांनी या प्राचीन मानवाला शास्त्रीय नाव दिले आणि २ डिसेंबर १९२९ रोजी पेई वेनझोंग यांनी कवटी बाहेर काढली. गारगोटीची अवजारे पुढे तेथे हजारोंनी मिळाली.

याच १९२१ साली हेनान प्रांतातील यांगशाओ गावी अँडरसन यांनी उत्खनन केले आणि रंगवलेली, देखणी मातीची भांडी उजेडात आली. चीनला अश्मयुग नव्हतेच, असे पाश्चात्त्य विद्वान तोवर समजत होते. ती समजूत या गावात गाडली गेली. आणि येथेच, माझ्या मते, अँडरसन यांच्या आयुष्यातला सर्वात बोधक भाग सुरू होतो, कारण ज्या प्रश्नाने त्यांना मोठे केले तो विचारायला ते येथे कमी पडले.

त्यांनी भूशास्त्रज्ञाच्या सवयीने खणले. ठरावीक खोलीचा एकेक आडवा थर काढायचा आणि त्यातल्या वस्तू एका काळाच्या मानायच्या. पण माणूस खड्डे खणतो, जुनी माती वर आणतो, नव्या वस्तू खोल पुरतो. त्यामुळे वेगवेगळ्या काळांची खापरे त्यांच्या नोंदीत एकत्र झाली. १९२३-२४ मध्ये त्यांनी गान्सू भागात आणखी स्थळे शोधली आणि त्यांचा क्रम लावला. त्यात साधी भांडी करणारी चीजिया संस्कृती सर्वात जुनी ठरली, रंगीत भांडी नंतरची. रंगीत भांड्यांची कला पश्चिम आणि मध्य आशियातून चीनमध्ये आली असावी, असेही त्यांनी सुचवले. १९३१ मध्ये लियांग सियोंग यांनी हौगांग येथे थरांचा खरा क्रम दाखवला. १९४५ मध्ये श्या नाई यांनी चीजिया काळातील थडगी उघडली, तेव्हा थडग्यांवर टाकलेल्या मातीत रंगीत खापरांचे तुकडे निघाले. थडगे खणताना जी माती उकरली गेली तिच्यात ती खापरे आधीपासूनच होती. अर्थात रंगीत भांडी आधीची, चीजिया नंतरची. एवढ्याशा तुकड्यांनी अँडरसन यांचा अख्खा क्रम उलटा केला. पुढे कार्बन कालमापनाने पश्चिमेकडून आगमनाची कल्पनाही मागे पडली.

१९४९ नंतर चीनमध्ये त्यांना साम्राज्यवाद्यांचा हस्तक म्हटले गेले. हे न्याय्य नव्हते. त्यांचा चिनी सरकारशी करार होता, आणि सापडलेल्या वस्तूंपैकी निम्म्या चीनला परत करायच्या होत्या. १९२५ मध्ये स्वीडनला परतल्यावर, १९२६ मध्ये स्थापन झालेल्या पौर्वात्य पुरावस्तू संग्रहालयाचे प्रमुख म्हणून त्यांनी तो पाळला. १९२७ ते १९३६ या काळात पेट्यांमागून पेट्या चीनला रवाना झाल्या. त्यानंतर जपानशी युद्ध पेटले आणि त्या वस्तू बेपत्ता झाल्या. पेकिंग मानवाची हाडेही १९४१ मध्ये अशीच नाहीशी झाली, ती आजतागायत मिळालेली नाहीत. भांड्यांपैकी काही मात्र भेटली. बीजिंगच्या भूशास्त्र संग्रहालयात २००२ मध्ये साठवणीच्या खोल्या आवरताना तीन पेट्या निघाल्या, त्या स्वीडनहून परत आलेल्या वस्तूंपैकी होत्या. २०२१ मध्ये चीनने आधुनिक चिनी पुरातत्त्वविद्येची शताब्दी साजरी केली, ती यांगशाओच्या उत्खननापासून मोजून.

अँडरसन १९३९ पर्यंत संग्रहालयाचे प्रमुख होते. २९ ऑक्टोबर १९६० रोजी स्टॉकहोममध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या दोन विद्या एकत्र आल्या त्या त्यांच्या पश्चात. १९९० च्या दशकात फ्रान्समधील संशोधकांनी हिमयुगीन माणसांच्या वस्त्यांवर दगडांची ठेवण मोजायला सुरुवात केली. गारगोटीची अवजारे उताराच्या दिशेने रांगेत निजलेली आढळली तर ती माणसाने ठेवली तेथे राहिलेली नाहीत, गोठत्या-वितळत्या मातीने ती वाहून आणली आहेत, असे धरले जाते. मग त्या जागेला वस्ती म्हणायचे की नाही, हा वाद सुरू होतो. होप बेला, अर्जेंटिनाच्या एस्पेरान्झा तळाजवळ, तिघांनी रचलेल्या झोपडीचे दगड आजही पाहायला मिळतात. अंटार्क्टिक कराराखाली ते संरक्षित स्मारक आहे.